मोहरीएवढी पृथ्वी

कोल्हापुरात सूर्याचा विषय निघाला की पहिल्यांदा किरणोत्सव आठवतो. नोव्हेंबरची ९, १०, ११ तारीख, आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. वर्षातून दोनदा हे घडतं, कारण या दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या जवळजवळ १७ अंश दक्षिणेला असतो. नोव्हेंबरात तो दक्षिणेकडे निघालेला असतो, फेब्रुवारीत परतीच्या वाटेवर. आणि आभाळात ढग नसतानाही एखाद्या संध्याकाळी किरणं वर चढता चढता मध्येच विरून जातात. क्षितिजालगतची धूळ, धुरकं आणि बाष्प त्यांची ताकद खाऊन टाकतात.

सूर्याची तारखेनुसार बदलणारी जागा आणि आपल्या व त्याच्या मधली हवा, या दोन गोष्टी इथल्या माणसाला वेगळ्या समजावून द्याव्या लागत नाहीत. सौरडागांचं, म्हणजे सूर्यावर दिसणाऱ्या काळ्या डागांचं, निरीक्षणही याच दोन गोष्टींवर उभं आहे. दुर्बिणीचा नंबर तिसरा.

हे जरा ठासून सांगायला हवं, कारण पैसे नेहमी तिसऱ्या गोष्टीवर खर्च होतात. १०० मिलिमीटरच्या भिंगाची दुर्बीण साधारण १.२ विकलांपर्यंतचा तपशील दाखवू शकते. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. सूर्यावर एक विकला म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर. म्हणजे चार इंची भिंगातून सूर्यावरचा साडेआठशे किलोमीटरच्या आसपासचा तपशील वेगळा दिसायला हवा. पण भर दुपारी तापलेल्या स्लॅबवरची हवा तीन-चार विकलांचा तपशील सहज पुसून टाकते. अशा वेळी दुप्पट व्यासाची दुर्बीण लावली तरी फक्त थरथर मोठी होऊन दिसते. म्हणून आधी वेळ आणि जागा नीट करावी, मग दुकानात जावं.

वेळ सकाळची. मात्र घड्याळाचा आकडा पाठ करून चालत नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे आणि कोल्हापूर ७४.२ अंशांवर, त्यामुळे इथे सूर्य सरासरी ३३ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यात ऋतूप्रमाणे आणखी फरक पडतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२ वाजून १७ मिनिटांच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२:४७ च्या सुमारास. त्यापेक्षा आपल्या सावलीकडे बघावं. सावली उंचीच्या पावणेतीन पट असेल तेव्हा सूर्य २० अंशांवर असतो. ती दीडपट उरली की ३४ अंशांच्या आसपास. या दोन सावल्यांमधला तासभर आपला. त्याआधी किरणांना हवेचा फार जाड थर तिरपा कापून यावं लागतं, आणि त्यानंतर जमीन तापून हवेचे लोट उठायला लागतात.

जागेचं गणितही जमिनीच्या तापण्याचंच. काँक्रीटचा स्लॅब दिवसाची ऊब रात्रभर सोडत राहतो आणि सकाळी उन्हं आली की पुन्हा तापायला लागतो. पत्र्याचं छप्पर तर मिनिटांत तापतं. आपण स्वतः गवतावर उभे असलो तरी दुर्बिणीची नजर शेजारच्या पत्र्यावरून जात असेल तर उपयोग नाही. नजरेच्या खालची पहिली शंभर मीटर जमीन कोणती आहे ते बघायचं. सगळ्यात चांगलं म्हणजे पाणी, कारण ते हळू तापतं. रंकाळ्याच्या किंवा कळंब्याच्या अशा काठावर उभं राहावं की सकाळचा सूर्य पाण्यापलीकडे असेल. म्हणजेच तळ्याच्या पश्चिमेकडच्या बाजूला. उदयपूरची सौर वेधशाळा फत्तेसागर तलावातल्या बेटावर बांधली ती याच कारणासाठी. पन्हाळ्याची उंची मोहात पाडते, पण तिथेही पूर्वेकडच्या कड्याच्या टोकावर दुर्बीण लावू नये. सकाळच्या उन्हाने तो उतार आधी तापतो आणि गरम हवा कड्याला घासत नेमकी आपल्या नजरेसमोरून वर चढते. तटापासून आत, झाडी-गवतात जागा शोधावी.

धुरकं आणि थरथर या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. ऊसतोडणी सुरू झाली की पंचगंगेच्या काठाने गुऱ्हाळांचा धूर आणि पहाटेचं धुकं मिसळून पांढुरका पडदा तयार होतो. त्याने सूर्य फिका पडतो, पण तो पडदा शांत, न हलणाऱ्या हवेत असतो, आणि अशा सकाळी डागांचा तपशील कधी कधी अतिशय स्थिर दिसतो. उलट पाऊस उघडल्यावरचं निळंशार आभाळ डोळ्यांना सुखावतं, पण वरच्या हवेत वारा असेल तर सूर्याची कड पाण्यासारखी लहरत राहते. पारख करायची ती सूर्याच्या कडेवरून. कड उकळत असेल तर नुसते डाग मोजून वहीत मांडावेत. कड शांत असेल आणि सूर्याचा पृष्ठभाग बारीक रवाळ दिसत असेल, तर सगळी कामं बाजूला ठेवून बसावं.

ते रवाळ दिसणं म्हणजे काय, हे गुऱ्हाळावर उभं राहून छान समजतं. काहिलीतला रस उकळायला लागला की पृष्ठभागावर वाट्यांएवढे फुगवटे उठतात. मधून गरम रस वर येतो, बाजूला पसरतो आणि दोन फुगवट्यांमधल्या फटीतून खाली उतरतो. सूर्याच्या पृष्ठभागावरचा एकेक दाणा हजार ते दीड हजार किलोमीटरचा असतो आणि आठ-दहा मिनिटांत मोडून त्याच्या जागी दुसरा येतो. आतली उष्णता वर येण्याची ही रीत. जिथे चुंबकीय क्षेत्र फार दाट होतं तिथे हे उकळणं दाबलं जातं, आतली उष्णता पुरेशी वर पोचत नाही, आणि तेवढा भाग थंड पडून काळा दिसतो. तोच सौरडाग. थंड म्हणजे सुमारे ४००० केल्विन, आजूबाजूला ५८०० च्या घरात. गडद गाभ्याचाही उजेड आजूबाजूच्या चौथाईच्या आसपास असतो; तो एकटा आकाशात ठेवला तर डोळे दिपतील. काळेपणा फक्त शेजारच्या तेजामुळे.

आता दुर्बीण. सर्वांत भरवशाची, सर्वांत स्वस्त व्यवस्था म्हणजे भिंगाच्या पुढे बसवायची सौरफिल्म. बाडरची ॲस्ट्रोसोलर फिल्म ए-४ आकारात मिळते, घनता ५.० लिहिलेलीच घ्यायची, ती प्रकाशाचा लाखावा भागच आत सोडते. ३.८ ची फक्त फोटोसाठी असते, तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही. दुर्बिणीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास मोजावा, दोन मिलिमीटर जाड पुठ्ठ्याच्या दोन कड्या कापाव्यात, आणि त्यातल्या एकीला तोंडावर सरकेल असा पुठ्ठ्याचाच गोल गळा चिकटवावा. आतून फेल्टची पट्टी लावली की घट्ट बसतं. टिश्यू पेपरवर फिल्म सैल पसरावी, कडीवर दुहेरी चिकटपट्टी लावून ती वरून अलगद टेकवावी, मग दुसरी कडी. इथेच बहुतेकांचा हात चुकतो: फिल्म डफासारखी ताणून बसवली जाते. ताणली की तिच्यातून येणारी प्रतिमा एका दिशेने ओढली जाते आणि डागांच्या कडा कधीच नीट फोकस होत नाहीत. फिल्म सुरकुतलेली, ढिलीच राहू द्यावी. सुरकुत्यांनी काही बिघडत नाही. ज्यांना कायमचं काम हवं त्यांनी उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियमची कडी करून घ्यावी, नळीच्या व्यासापेक्षा आतून दोन मिलिमीटर मोठी, फेल्टसाठी.

दर वेळी लावण्याआधी फिल्म प्रखर दिव्यासमोर धरून छिद्रं बघायची. टाचणीच्या टोकाएवढं एखादं असेल तर काळ्या मार्करचा ठिपका पुरतो. चीर असेल तर फिल्म फेकून द्यावी. पावसाळ्यात इथल्या दमटपणाने चिकटपट्टी सुटते, म्हणून फिल्टर सिलिका जेलच्या पुडीबरोबर डब्यात ठेवावा आणि ऑक्टोबरात पुन्हा तपासावा. बसवल्यावर तीन ठिकाणी चिकटपट्टीने नळीला बांधावा. वाऱ्याच्या एका झोताने तो उडाला तर परिणाम कायमचा असतो. नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर झाकण घालावं, किंवा ती काढूनच ठेवावी. सूर्य शोधायला नळीची जमिनीवरची सावली बघत दुर्बीण फिरवावी. सावली सर्वांत लहान झाली की सूर्य आत आलेला असतो. आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, स्क्रू करायचे जुने सोलर फिल्टर उष्णतेने तडकतात, ते कितीही चांगले दिसले तरी वापरू नयेत. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच हेही नको. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून जळताना काहीच जाणवत नाही, आणि नंतर उपाय नसतो.

वहीचं काम करायचं असेल तर ६० ते ८० मिलिमीटरच्या लहान, भिंगाच्या दुर्बिणीने कागदावर प्रतिमा पाडण्याची जुनी पद्धत मला आजही सर्वांत जवळची वाटते. यात फिल्टर नसतो, म्हणून दुर्बिणीपाशी एक जण कायम उभा हवा, विशेषतः मुलं असतील तर. आयपीसला कुणीही डोळा लावता कामा नये. आयपीस साधा, न चिकटवलेल्या भिंगांचा असावा, कारण चिकटवलेल्या भिंगांमधला डिंक तापून खराब होतो. आरशांच्या बंद नळीच्या दुर्बिणीने हा उद्योग करू नये, आतले भाग वितळतात. नाभीय अंतर ९०० मिलिमीटर असेल तर भिंगामागे सूर्य ८.४ मिलिमीटरचा पडतो. २० मिलिमीटरच्या आयपीसमागे कागद सुमारे ३८ सेंटिमीटरवर धरला की तोच सूर्य १५० मिलिमीटरचा होतो. कागदावर आधीच १५० मिलिमीटरचं वर्तुळ काढून ठेवायचं, सूर्य त्यात बरोबर बसेपर्यंत कागद मागेपुढे करायचा, आणि डागांच्या जागा पेन्सिलीने उतरवायच्या. भोवती पुठ्ठ्याची मोठी सावली लागते, नाहीतर प्रतिमा फिकी पडते.

या वर्तुळात पृथ्वी १.४ मिलिमीटरची होते. एक मोहरीचा दाणा. कागदाच्या कोपऱ्यात मोहरी ठेवून डागांकडे बघावं. आकड्यांनी जे होत नाही ते मोहरीने होतं. मे २०२४ मधला १३६६४ क्रमांकाचा डागांचा गट या मापाने सुमारे दोन सेंटिमीटर लांब होता, पंधराएक मोहऱ्या ओळीने मांडल्यासारखा. त्याच गटातून निघालेल्या स्फोटांमुळे १० आणि ११ मेच्या रात्री लडाखात हानलेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश नोंदला गेला.

उतरवून झालं की दुर्बीण स्थिर ठेवून एक डाग कागदावरून कसा सरकतो ते बघायचं आणि ती रेघ मारायची. डाग सरकतो ती बाजू पश्चिम. सूर्याचं पूर्ण बिंब सुमारे सव्वादोन मिनिटांतच कागदावरून निघून जातं, तेव्हा हात सावध हवा. ही रेघ मारायची राहिली की चित्र निकामी. दोन दिवसांनी कोणता डाग कुठे गेला हे सांगता येत नाही आणि डाग उलटे चालल्याचे शोध लागतात. वेळही मिनिटासकट लिहायची.

मग गती दिसू लागते. सूर्याच्या मध्यावरचा डाग एका दिवसात १३ अंशांहून थोडा जास्त फिरतो, आपल्या वर्तुळात १७ मिलिमीटर. कडेजवळ तोच वेग ६-७ मिलिमीटरवर येतो, कारण तिथे गोलाचा उतार आपल्यापासून दूर वळतो. हा आक्रसता आकडाच डाग पृष्ठभागावर असल्याचा पुरावा. समोरून जाणारा एखादा ग्रह असता तर त्याने सारखंच अंतर कापलं असतं. डागांची वाट जूनच्या आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सरळ दिसते, मार्चला आणि सप्टेंबरला कमानीसारखी वाकते, कारण सूर्याचा आस सव्वासात अंशांनी कललेला आहे.

त्याहून सुंदर गोष्ट दोन वेगवेगळ्या अक्षांशांवरचे डाग एकाच वेळी मिळाले तर दिसते. सूर्य घन नसल्यामुळे त्याच्या विषुववृत्ताजवळचा भाग भराभर फिरतो, वरखालचे भाग मागे पडतात. १० अंशांवरचा आणि ३० अंशांवरचा डाग एकाखाली एक असतील तर आठवड्यात त्यांच्यात साडेचार अंशांचं अंतर पडतं, आपल्या कागदावर सुमारे पाच मिलिमीटर. १८५०च्या दशकात इंग्लंडच्या रिचर्ड कॅरिंग्टनने वर्षानुवर्षं डागांच्या जागा मोजून हेच पक्कं केलं. शिवाय नवा गट वाढत असताना पुढचा, म्हणजे पश्चिमेकडचा डाग आणखी पुढे जातो आणि मागचा मागे राहतो. पहिले तीन-चार दिवस दोघांतलं अंतर रोज पट्टीने मोजलं तर हे स्वच्छ दिसतं. दिवसाच्या डागांच्या मोजणीची रीत सोपी आहे: गटांची संख्या गुणिले दहा, अधिक एकेक करून मोजलेले सगळे डाग. तीन गटांत मिळून अकरा डाग असतील तर ४१.

आता पुन्हा फिल्मवाल्या दुर्बिणीकडे, कारण रचना तिच्यातच दिसते. ८० ते १०० पट मोठं करून एक मोठा, गोल डाग निवडावा. मध्ये गडद गाभा, भोवती करडी झालर. हवा शांत झाली की झालरीत धागे दिसतात, गाभ्यापासून बाहेर निघालेले, जरीच्या काठाच्या दशांसारखे. एकेका धाग्याची रुंदी शे-दोनशे किलोमीटर, म्हणजे आपल्या भिंगाच्या आवाक्याबाहेर. आपल्याला दिसतात ते धाग्यांचे जुडगे. गाभा दुभंगणारी उजळ रेघ असेल तर तिच्यावर रोज नजर ठेवावी. तिला प्रकाशसेतू म्हणतात, आणि ती रुंदावली की बहुतेकदा डाग तिथून तुटायला लागतो. डाग कडेकडे सरकला की झालरीची सूर्यमध्याकडची बाजू आधी अरुंद होते. ग्लासगोच्या अलेक्झांडर विल्सनने १७६९ मध्ये हे पाहिलं आणि डाग हा खळगा आहे असं मांडलं. गाभ्यात आपली नजर आजूबाजूपेक्षा काहीशे किलोमीटर खोल पोचते, म्हणून ते तसं दिसतं.

झालरीतला वायू मात्र या दुर्बिणीत हलताना दिसत नाही. तो दिसला तो वर्णपटात, आणि आपल्याच देशात. १९०८ मध्ये जॉर्ज हेलने माउंट विल्सनवर डागांच्या वर्णरेषा, म्हणजे वर्णपटातल्या बारीक काळ्या रेघा, फुटलेल्या पाहून तिथे चुंबकीय क्षेत्र आहे हे दाखवलं. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९०९ मध्ये, कोडाईकनालच्या वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांना डागाच्या झालरीत वर्णरेषा वाकलेल्या दिसल्या: सूर्याच्या कडेकडच्या बाजूला तांबड्याकडे, मध्याकडच्या बाजूला निळ्याकडे. म्हणजे वायू गाभ्याकडून बाहेर, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर वाहतोय, सेकंदाला काही किलोमीटर. सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने दृश्य प्रकाशातली रेषा फक्त ०.००४ नॅनोमीटर सरकते. इतकं बारीक सरकणं काचेवरच्या फोटोत ओळखणारी नजर किती शिकलेली असेल! जगभर त्या प्रवाहाला एव्हरशेड परिणाम म्हणतात, आणि आपल्या शाळांमधून तो क्वचितच ऐकू येतो, याचं वाईट वाटतं.

हायड्रोजन-अल्फाची, म्हणजे हायड्रोजनच्या एका तांबड्या वर्णरेषेत बघणारी, दुर्बीण वेगळी. ती ६५६.३ नॅनोमीटरभोवतीची ०.०७ नॅनोमीटरची पट्टी सोडते आणि डागांच्या वरचा थर दाखवते. तिथले काळे तंतू डागाभोवती भोवऱ्यासारखे वळलेले दिसतात आणि अर्ध्या तासात बदलतातही. महाग आहे. वही एक वर्षभर नीट भरल्याशिवाय घेऊ नये, असं माझं मत.

कॅमेरा लावणार असाल तर साधं सूत्र: हिरव्या प्रकाशात दुर्बिणीचा एफ आकडा (नाभीय अंतर भागिले भिंगाचा व्यास) पिक्सेलच्या मायक्रॉनच्या पावणेचार पट असावा. २.४ मायक्रॉनला एफ-९. मिलिसेकंदाभरात एक चौकट, मिनिटाच्या आत हजार-दीड हजार चौकटी, आणि त्यातल्या उत्तम पाच-दहा टक्के एकत्र करायच्या. मिनिटापेक्षा लांबवू नये, दाणे बदलतात. प्रतिमेत पट्ट्यापट्ट्यांची वर्तुळं उमटली तर कॅमेरा किंचित तिरका करावा. आणि प्रक्रिया करताना धार इतकी चढवू नये की गाभ्याभोवती सूर्यावर नसलेली पांढरी कड तयार होईल. अशा फोटोंना टाळ्या मिळतात, पण त्यातली रचना खोटी असते.

मोठ्या वेधशाळाही याच हवेशी झुंजतात. हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरच्या इनोये दुर्बिणीचा आरसा चार मीटरचा. हवेची थरथर भरून काढायला तिथल्या एका लवचीक आरशामागे १६०० ढकलण्या आहेत, सतत हलणाऱ्या. तिच्या प्रतिमांत सूर्यावरचं तीसएक किलोमीटरचं अंतर वेगळं दिसतं. आणि हवाच नको म्हणून २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं भारताचं आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन थांबलं. त्यावरची सूट दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत आकाराला आली. ती अतिनील प्रकाशात, बहुतांशी आपल्यापर्यंत न पोचणाऱ्या रंगांत, डाग बघते.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर वहीची बरीच पानं कोरी राहतात. ती कोरीच ठेवावीत. उपग्रहाची चित्रं बघून भरली की ती आपली नोंद राहत नाही.

मोठा डाग पश्चिम कडेआड गेला की पुढचे साधारण साडेतेरा दिवस तो पलीकडे असतो. वहीत त्याच्या परतीच्या तारखेवर आधीच खूण करून ठेवावी, आणि त्याच्या आदल्या दिवसापासून पूर्व कड नीट बघावी. डाग दिसण्याआधी तिथे उजळ शिरांचं जाळं दिसतं. ते सूर्याच्या मध्यावर दिसत नाही, कडेच्या मंद उजेडात उठून येतं. शिरा दिसल्या की त्यांचा अक्षांश मांडून जुन्या पानाशी ताडून बघायचा. जुळला तर दुसऱ्या दिवशी सावली पावणेतीन पट व्हायच्या आत दुर्बीण लावून तयार राहायचं. डाग टिकला असेल तर कडेवर आधी एक बारीक काळी रेघ येते, उभी, नखाच्या कडेएवढी, आणि तिची झालर फक्त कडेकडच्या बाजूला असते.